विद्यापीठ कीं रंगभूमि?

गेल्या महिन्यांत रात्रीच्या जेवणाच्या वेळीं आमच्या घरांत एक वाद निघाला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंदा एम्. ए. झाली. पुढें डॉक्टरेट करावयाची तिची इच्छा सर्वांस ठाऊक होती व तिला कोणाचा विरोधहि नव्हता. परंतु त्या दिवशीं तिनें विषय सांगितला, आणि पंक्तींतले हात क्षणभर थबकले. मानवशास्त्र, चित्रपटनिर्मिति आणि प्रयोगकला या तिन्हींचा मिळून एकच अभ्यास करावयाचा; लेखी प्रबंध तर द्यावयाचाच, पण त्याच्या जोडीला स्वतः घेतलेला चित्रपट किंवा स्वतः उभा केलेला रंगप्रयोगहि परीक्षकांपुढें ठेवावयाचा, असें त्या शिक्षणाचें स्वरूप. तिच्या वडिलांनीं विचारलें, "अग, हें शास्त्र आहे कीं नाटक?" ती म्हणाली, "बाबा, दोन्ही." "दोन्ही म्हणजे धड एकहि नाहीं," असा निकाल देऊन ते हात धुवावयास उठले.

बंधूंचा हा निकाल मला सहजासहजीं मान्य करवेना आणि खोडूनहि काढतां येईना. म्हणून मीं त्या विषयाची थोडी माहिती मिळविली. ती मिळवितां मिळवितां असें दिसून आलें कीं, आमच्या पंक्तींत निघालेला हाच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीं अमेरिकेंत दोन बुद्धिमान् स्त्रियांना विचारला गेला होता, व त्याची किंमत त्या दोघींनींहि मोजली. आज ना उद्यां हा प्रश्न पुष्कळ घरांत निघणार. तेव्हां ती हकीकत वाचकांपुढें ठेवणें वावगें होणार नाहीं.

प्रथम अडचण काय ती पाहूं. मानवशास्त्राचा अभ्यासक एखाद्या समाजांत वर्ष दोन वर्षें जाऊन राहतो, त्यांची भाषा शिकतो, चालीरीति पाहतो, टिपणें काढतो आणि परत येऊन ग्रंथ लिहितो. नातेसंबंध, जमिनीची वांटणी, लग्नाचे नियम या गोष्टी अशा रीतीनें उत्तम लिहितां येतात. परंतु त्या समाजाचें ज्ञान त्याच्या गाण्यांत, नाचांत, देवतेपुढच्या विधींत सांठविलेलें असलें तर? गाण्याचे शब्द कागदावर उतरतात, गळा उतरत नाहीं. नाचांतील पावलें मोजतां येतात, पण तें पाऊल केव्हां व कां पडतें हें मोजून कळत नाहीं. थोडक्यांत, कांहीं विद्या अशी असते कीं ती अंगांत मुरलेली असते आणि अंगानेंच शिकावी लागते. तिचा शास्त्रीय अभ्यास करावयाचा कसा?

गाणें टिपावें कसें?

झोरा नील हर्स्टन यांचा जन्म १८९१ सालचा. फ्लॉरिडांतील ईटनव्हिल या गांवीं त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. गांवची वस्ती सारी कृष्णवर्णीयांची, कारभारहि त्यांच्याच हातीं. दुकानाच्या ओट्यावर बसून गोष्टींवर गोष्टी रचण्याचा तेथें परिपाठ होता. पुढें न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजांत शिकत असतां कोलंबिया विद्यापीठाचे प्रो. फ्रांझ बोआस यांच्या त्या शिष्या झाल्या. अमेरिकेंतील मानवशास्त्राचा पाया ज्यांनीं घातला तेच हे बोआस. १९२७ सालीं त्यांनीं हर्स्टनबाईंना दक्षिणेंत आपल्याच लोकांच्या कथा व गाणीं गोळा करावयास धाडलें. कांहीं महिन्यांनीं बाई जवळजवळ रिकाम्या हातांनीं परत आल्या. कारण त्यांनीं स्वतःच पुढें मोठ्या मौजेनें सांगितलें आहे. कॉलेजांत कमावलेल्या शुद्ध इंग्रजींत त्या अदबीनें विचारीत, आपणांस एखादी लोककथा ठाऊक आहे काय? आणि लोक तितक्याच अदबीनें त्यांना शेजारच्या गांवाची वाट दाखवीत!

दुसऱ्या खेपेस त्या शहाण्या झाल्या होत्या. एका श्रीमंत स्त्रीनें त्यांना पैसा, मोटार व चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा दिला होता. लाकूड कापणाऱ्या मजुरांच्या वस्तींत त्या मुक्कामास गेल्या. ती चकचकीत मोटार पाहून ही सरकारी हेर असावी असें लोकांना वाटलें व ते बिचकून दूर राहूं लागले. तेव्हां अमेरिकेंत दारूबंदी होती. बाईंनीं बेधडक सांगितलें कीं, मी चोरटी दारू विकणारी असून पोलिसांना चुकवीत आहें. झालें, लोक निवांत झाले! मग त्या मुलांच्या खेळांचीं व मजुरांच्या कामाचीं चलच्चित्रें घेऊं लागल्या; आणि रात्रीं घोळक्यांत बसून गाऊं लागल्या. गाणें कसें टिपावें याची त्यांची रीत पुढें १९३९ सालीं फ्लॉरिडांत झालेल्या एका ध्वनिमुद्रणांत त्यांच्याच तोंडून ऐकूं येते. आधीं घोळक्यांत शिरावयाचें व नुसतें ऐकावयाचें; मग हळूच आपला सूर मिसळावयाचा; लोकांनीं 'आतां जमलें' असें कबूल करीपर्यंत म्हणत राहावयाचें; आणि तें गाणें स्मरणांत घालून घरीं न्यावयाचें. म्हणजे शिष्या कोण व परीक्षक कोण, याचा निकाल तेथें विद्यापीठ लावीत नसून गाणारा मजूर लावीत होता.

एवढें करून जमविलेलें हें धन नुसत्या मासिकांतील लेखांत कोंडून ठेवणें त्यांना रुचेना. १० जानेवारी १९३२ रोजीं न्यूयॉर्कच्या जॉन गोल्डन थिएटरांत त्यांनीं 'द ग्रेट डे' नांवाचा प्रयोग केला. मजुरांच्या वस्तींतील पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा एक दिवस त्यांत गाण्यांनीं व नाचांनीं उभा केलेला होता. लोकांना तो आवडला, वर्तमानपत्रांनीं वाखाणला; परंतु पुढील प्रयोगांस भांडवल देणारा कोणी निघाला नाहीं, व बाईंच्या वांट्यास कर्ज आलें.

१९३५ सालीं रोझेनवाल्ड निधीनें त्यांना कोलंबियांत डॉक्टरेट करण्यासाठीं शिष्यवृत्ति देऊं केली. दोन वर्षांना तीन हजार डॉलर मिळावयाचे होते. परंतु अभ्यासाच्या आंखणीविषयीं निधीच्या चालकांचें व बाईंचें एकमत होईना. अखेर ती रक्कम सात महिन्यांना सातशें डॉलर इतकी आंखडली गेली. बाईंनीं वर्गांकडे पाठ फिरविली व लेखणी उचलली. त्याच वर्षीं त्यांचा 'म्यूल्स अँड मेन' हा लोककथांचा ग्रंथ निघाला, व त्याला प्रस्तावना होती स्वतः बोआस यांची! गुरूनें ग्रंथास मान्यता दिली, पण शिष्येला पदवी मिळाली नाहीं ती नाहींच. १९६० सालीं बाई गेल्या तेव्हां त्या एका सरकारी अनाथगृहांत होत्या, आणि त्यांच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. १९७३ सालीं ॲलिस वॉकर या लेखिकेनें शोध करून तो बसविला.

नाचून केलेला अर्ज

ज्या वर्षीं हर्स्टनबाईंची शिष्यवृत्ति आंखडली, त्याच वर्षीं त्याच निधीनें दुसऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणीस साहाय्य दिलें. ती कॅथरिन डनहॅम. जन्म १९०९ चा, शिक्षण शिकागो विद्यापीठांत. तेथें प्रो. रॉबर्ट रेडफील्ड यांच्या एका व्याख्यानांत तिनें ऐकलें कीं, अमेरिकेंत लोक सहज म्हणून जे नाच नाचतात त्यांपैकीं कित्येकांचीं मुळें आफ्रिकेंत आहेत. नाच शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या या मुलीला वाटलें, मग आपण रोज करतों तेंच शास्त्राचा विषय आहे! निधीच्या समितीपुढें मुलाखतीला गेली असतां काय घडलें, तें डनहॅमबाई पुढें मोठ्या रंगानें सांगत. आपणांस कशाचा अभ्यास करावयाचा आहे असें विचारतांच त्या तेथेंच उठल्या, आणि प्रथम युरोपीय बॅले व मग आफ्रिकी वळणाचें नृत्य करून दाखवून म्हणाल्या कीं, हें दुसरें कोठून आलें तें मला शोधावयाचें आहे. समितीनें साहाय्य मंजूर केलें.

प्रो. हर्स्कोव्हिट्स यांच्याकडून क्षेत्राभ्यासाची तालीम घेऊन बाई १९३५-३६ सालीं कॅरिबियन बेटांत गेल्या. जमेकांत ॲकॉम्पाँग नांवाच्या डोंगरी गांवीं गुलामगिरींतून निसटून स्वतंत्र झालेल्या लोकांचे वंशज राहतात. तेथें त्या महिनाभर राहिल्या. तेथील जुनें युद्धनृत्य पाहावयास मिळावें म्हणून त्यांनीं खूप वाट पाहिली; परंतु गांवचे मुख्य त्यांच्यापुढें साहेबी वळणाचे नाच ठेवीत. मुख्य परगांवीं गेल्यावर एका रात्रीं गांवकऱ्यांनीं तें नृत्य केलें आणि बाई त्यांत नाचल्या. मार्टिनिक बेटांत ढोलाच्या ठेक्यावर दोन पुरुष झुंजतात तें 'आग्या' नांवाचें झुंजनृत्य त्यांनीं कॅमेऱ्यानें टिपलें. हैतींत तर त्यांनीं व्होडूं पंथाची दीक्षाच घेतली. बाहेर उभें राहून पाहणाऱ्याला दिसत नाहीं तें आंत शिरल्यावांचून कळणार नाहीं, अशी त्यांची खात्री होती.

परत आल्यावर त्यांची पदवी पुरी झाली. परंतु त्यापुढची वाट फुटली होती. एकीकडे ग्रंथालय व दुसरीकडे रंगमंच, आणि दोन्हींवर एकदम पाय ठेवावयास त्या काळच्या विद्यापीठांत जागा नव्हती. बाईंनीं रंगमंच पतकरला. १९३८ सालीं शिकागोंत 'लाग्या' हा त्यांचा नृत्यप्रयोग झाला. मार्टिनिकमध्यें टिपलेलें झुंजनृत्य त्याचा कळस होतें. पुढें त्यांचें पथक देशोदेशीं गाजलें. १९४० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कला त्यांनीं शाळा काढली, तींत नृत्याबरोबर मानवशास्त्रहि शिकवीत. हैतीच्या नृत्यांवरील त्यांचा प्रबंध १९४७ सालीं मेक्सिकोंत छापला गेला, व त्याच्या फ्रेंच आवृत्तीस क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्यासारख्या पंडितानें प्रस्तावना लिहिली. २००६ सालीं, वयाच्या ९६ व्या वर्षीं त्या निवर्तल्या. त्यांनीं घेतलेलीं तीं चलच्चित्रें आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत अभ्यासकांसाठीं जपून ठेविलेलीं आहेत.

विद्यापीठाची बाजू

या हकीकती वाचून विद्यापीठांना दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. प्रबंध छापला जातो. त्यांतील प्रत्येक विधान दुसरा विद्वान् तपासूं शकतो व चुकीचें असल्यास खोडूं शकतो. नाच झाला कीं संपला. तो खरा होता कीं रंगभूमीसाठीं नटविलेला, हें कोणी ठरवावें? प्रेक्षकांच्या टाळ्या हें कांहीं प्रमाण नव्हे. माझ्या बंधूंच्या मनांतील शंका हीच होती, व ती क्षुद्र नाहीं.

या शंकेचें उत्तर कांहीं अंशीं एका फ्रेंच माणसानें दिलें. झाँ रूश हे मूळचे इंजिनियर. आफ्रिकेंतील नायजर नदीच्या कांठीं रस्ते बांधावयास म्हणून गेले आणि तेथील लोकांच्या अभ्यासांत रमले. १९५२ सालीं त्यांनीं पॅरिसांत डॉक्टरेट मिळविली, आणि जन्मभर चित्रपट घेतले. पाणघोड्याच्या शिकारीचा त्यांचा एक चित्रपट आहे. शिकारीच्या प्रसंगीं रंग भरावा म्हणून रूशनीं त्याच लोकांतील शिकाऱ्यांचें संगीत मागें जोडलें. पुढें तो चित्रपट त्यांनीं नदीकांठच्या त्याच गांवीं नेऊन दाखविला. लोकांनीं तो पुनःपुनः पाहिला आणि एक दोष काढला: शिकारीच्या वेळीं संगीत कसलें? पाणघोडा आवाज ऐकून पळून जाईल! रूशनीं तें संगीत काढून टाकलें. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांना न वाचतां येणारा ग्रंथ हीं माणसें कधींच तपासूं शकलीं नसतीं. चित्रपट मात्र त्यांनीं तपासला व सुधारलाहि. परीक्षा संपली नाहीं, उलट परीक्षक वाढले.

मँचेस्टरची वाट

इंग्लंडांत मँचेस्टरच्या विद्यापीठांत १९४९ सालीं मॅक्स ग्लुकमन यांनीं सामाजिक मानवशास्त्राचा विभाग काढला. तेथील व्हिक्टर टर्नर यांनीं आफ्रिकेंतील एंडेम्बू लोकांत राहून १९५५ सालीं डॉक्टरेट मिळविली. त्यांची आई नटी होती. गांवांतील भांडणें पाहतां पाहतां टर्नर यांच्या ध्यानांत आलें कीं, प्रत्येक भांडणाला नाटकासारखे अंक असतात: मर्यादा मोडते, संकट वाढतें, तें आवरण्याचे उपाय होतात, आणि शेवटीं समेट होतो किंवा कायमची फूट पडते. याला त्यांनीं 'सामाजिक नाट्य' असें नांव दिलें. उतारवयांत त्यांनीं न्यूयॉर्कला रिचर्ड शेक्नर या नाट्यदिग्दर्शकाबरोबर विद्यार्थ्यांकडून विधींचे व प्रसंगांचे प्रयोग करवून पाहिले. जें वाचून कळत नाहीं तें करून कळतें कीं काय, हें त्यांना पाहावयाचें होतें.

त्याच मँचेस्टर शहरांत ग्रॅनाडा ही दूरचित्रवाणीची कंपनी होती. जगांतील निरनिराळ्या समाजांवर तिनें १९७० पासून चित्रपटांची एक मालिका काढली, व तींत मानवशास्त्रज्ञांना बरोबर घेतलें. त्या कंपनीच्या साहाय्यानें १९८७ सालीं विद्यापीठांत ग्रॅनाडा केंद्र निघालें. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांस कॅमेरा व ध्वनिमुद्रण शिकविणें हा त्याचा हेतु. नाट्य आणि चित्र या दोन ओढ्यांचा संगम होऊन, मानवशास्त्र, माध्यमें व प्रयोगकला यांना जोडणारी डॉक्टरेट तेथें आंखली गेली. आमच्या मुलीनें पंक्तींत सांगितली ती हीच. हर्स्टनबाईंना व डनहॅमबाईंना जी वाट आडरानांतून तुडवावी लागली, ती अशी कित्येक दशकांनंतर राजमार्गाला मिळाली.

येथें आपल्या भाषेतील एका शब्दाची आठवण होते. रसायनशाळेंत केला जातो तोहि 'प्रयोग', आणि नाटकगृहांत होतो तोहि 'प्रयोग'! एक शास्त्राचा, दुसरा कलेचा, असा भेद आपण मनांत करतों. परंतु शब्द एकच आहे. दोन्ही ठिकाणीं माणूस एखादी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहतो व जें घडेल त्याला तोंड देतो. हें मीं बंधूंस सांगितलें. ते म्हणाले, "शब्द एक आहे, पगार एक नाहीं." त्यांचेंहि खरें आहे. अशा शिक्षणानंतर ठराविक नोकरी हात जोडून उभी नसते. आणि कॅमेरा घेऊन परक्याच्या घरांत शिरणाऱ्यानें त्याची अनुमति, त्याची लाज आणि त्याचा विश्वास हीं तिन्ही सांभाळावीं लागतात. ज्याला हें ओझें नको त्यानें या वाटेस जाऊं नये.

घरच्या माजघरांत

वादाचा खरा निवाडा मात्र आमच्या मातोश्रींनीं केला. गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या मुलीची पहिली मंगळागौर झाली. मातोश्रींचें वय ऐंशीच्या पुढचें. तरी झिम्मा, पिंगा, फुगड्या यांचे त्यांना माहीत असलेले प्रकार आतां फारशा कोणास येत नाहींत. म्हणून पुतणीनें सारें जागरण कॅमेऱ्यानें टिपावयाचें ठरविलें, व ती एका कोपऱ्यांत यंत्र लावून उभी राहिली. थोड्या वेळानें मातोश्री ओरडल्या, "अग, खांबासारखी काय उभी आहेस? ये इकडे." नाइलाजानें ती आंत आली. पहिल्या फेऱ्यांत तिची टाळी चुकली, दुसऱ्यांत पाऊल चुकलें. तिसऱ्या वेळीं तिच्या ध्यानांत आलें कीं, गाण्याची चाल बदलण्याच्या किंचित् आधीं आजीची टांच जमिनीवर आपटते, आणि त्या खुणेनें सगळ्याजणी एकदम वळतात. घरीं कोणालाहि विचारलें असतें तर ही खूण कोणी सांगूं शकलें नसतें. मातोश्रींना स्वतःलाहि ती ठाऊक नव्हती!

दुसऱ्या दिवशीं तिनें टिपलेलें चित्र लावून पाहिलें. त्यांत सर्वांचे हंसरे चेहरे होते, शालू होते, दागिने होते. एकीचेंहि पाऊल नव्हतें. पुढच्या मंगळवारीं शेजारच्या घरीं बोलावणें होतें. तेथें तिनें आधीं मनसोक्त खेळून घेतलें. मग कॅमेरा घेऊन जमिनीशीं वाकून बसली, आणि खेळणाऱ्यांची पावलें टिपलीं. रात्रीं उशिरां तिनें वहींत चार पानें लिहिलीं. तिचा पहिला प्रबंध म्हणावयाचा तर तो तोच.

परवां बंधूंनीं तो विषय पुनः काढला, तेव्हां मातोश्रींनीं विचारलें, "मंगळागौरीच्या खेळांचें पुस्तक मिळतें म्हणतात. तें वाचून कोणाला पिंगा आला आहे का रे?" बंधू कांहीं बोलले नाहींत. मातोश्री पुढें म्हणाल्या, "आणि नुसता पिंगा घालणाऱ्या आम्ही. आमच्यानें एक ओळ तरी लिहून झाली का? तिला दोन्ही येऊं दे."

अर्ज रवाना झाला आहे. उत्तर यावयाचें आहे. काल रात्रीं जेवण झाल्यावर बंधूंनीं मुलीला हांक मारली व चश्मा पुशीत विचारलें, "त्या पावलांच्या चित्रांत तुझ्या आजीची टांच नक्की कोठें आपटते, तें मला एकदां दाखव बरें." तिनें दाखविलें. त्यांना तें दुसऱ्यांदा पाहावें लागलें, आणि मग तिसऱ्यांदाहि.